मावशीच्या पोटात

"बायपास म्हणजे काय ते मला कळलं," मावशीचा नवरा म्हणाला. "गाव टाळून जायचं."

डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं होतं. मावशीला ते कोपरा दुमडलेल्या उशीसारखं दिसत होतं. नवऱ्याचा जन्म बस चालवण्यात गेलेला, त्यामुळे वळण घेणारी कुठलीही रेघ त्याच्या लेखी रस्ताच.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "वर एक लहानशी पिशवी करायची आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. अन्न मधला भाग टाळून जातं."

"पण गावाचा धंदा बसतो हो त्याने. आमच्या रूटवर एक गाव होतं. बायपास झाला आणि चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे माशा मारत बसले."

"म्हणूनच जन्मभर गोळ्या घ्यायच्या. लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन. मधल्या गावात जे मिळायचं ते आता गोळीतून."

"आणि पट्ट्याचं काय म्हणत होतात?" मावशीने विचारलं.

डॉक्टरांनी शेजारी दुसरं पोट काढलं. "पोटाला वरच्या बाजूने पट्टा आवळायचा. पूर्वी पुष्कळ करायचे. पण बऱ्याच जणांचा पुढे काढावा लागतो, म्हणून आता फारसा कुणी बसवत नाही."

"नाडी आवळून पोट गेलं असतं तर सगळ्या बायका बारीक असत्या," मावशी म्हणाली.

डॉक्टर हसले आणि त्यांनी तिसरं पोट काढलं. यात पोटाचा तीन चतुर्थांश भाग उभा कापून काढायचा. उरते ती एक नळी. तिच्यात थोडंच मावतं, भूकही कमी लागते. मावशीला हे लगेच पटलं. हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. फाटक्या चादरीचा धड भाग ठेवून त्याचा अभ्रा शिवायचा, हे तिच्या हातचं काम.

नको म्हणायची सोयही नव्हती. साखर गोळ्यांना जुमानत नव्हती, गुडघे जिन्याच्या नुसत्या नावाने दुखायचे आणि झोपेत श्वास मधेच थांबायचा. नवरा तिला कोपराने ढोसायचा, "श्वास घे गं." ती घ्यायची. मग तो अर्धवट जागाच राहायचा, पुढचा थांबा चुकेल या धाकाने.

"मग नळीच करा," मावशी म्हणाली. "पण कापलेल्या भागाचं काय करता?"

"तपासतो आणि टाकून देतो."

"टाकून देता?"

हे मात्र मावशीला रुचलं नाही. कारण तिचं पोट हे नुसतं तिचं पोट नव्हतं. अख्ख्या हॉस्पिटलने त्यात काही ना काही ठेवलेलं होतं.

त्याचं असं झालं होतं, की लिनन रूम तळमजल्याच्या टोकाला. आत छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर चादरी, ब्लँकेटं, ऑपरेशनचे हिरवे कपडे, आणि मधोमध दोन खुर्च्या जोडून त्यावर मावशी. कापडाने आवाज शोषला जातो. तिथे माणूस काही बोलला तर ते भिंतीलाही ऐकू जात नाही. शिवाय मावशी दिसायलाच अशी, की हिच्यात पुष्कळ मावेल असं कुणालाही वाटावं. पहिल्यांदा कुणीतरी येऊन रडलं, मग दुसरं आलं, मग रीतच पडली. माणूस चादर न्यायला यायचा, दार ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "मावशी, पोटात ठेवाल?"

मावशी म्हणायची, "टाक."

आणि ते राहायचं. चार वर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन सिस्टर होत्या. दोघींनी वेगवेगळ्या दिवशी येऊन मावशीला सांगितलं होतं, की चूक माझीच होती. मावशीने एकीचं दुसरीला कधी कळू दिलं नाही. कळवलं असतं तर भलं झालं असतं, हे तिलाही कळत होतं. पण पोटात ठेवायला दिलेली वस्तू परस्पर दुसऱ्याला देणं तिच्या कायद्यात बसत नव्हतं.

खुद्द डॉक्टरांचंही एक होतं. हे डॉक्टर वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेतले नामांकित. साखर, मैदा, तळण यांच्याविरुद्ध बोलायला लागले की समोरच्याला आपण एखादा खून करून आलोय असं वाटायचं. स्टाफ त्यांना मागे 'उपाशी डॉक्टर' म्हणायचा. तर हे उपाशी डॉक्टर ऑपरेशनं आटोपली की लिनन रूममध्ये यायचे, मागच्या फळीवर फाटक्या चादरींच्या चळतीत दडवलेलं पाकीट काढायचे आणि चीजची पावडर लावलेल्या त्या नारिंगी कुरकुरीत नळ्या खात बसायचे. मावशी पाठ करून घड्या घालायची. पाकीट संपलं की डॉक्टर बोटं चाटायचे, हात धुवायचे आणि वर जाऊन कुणाला तरी उकडलेल्या भाज्यांचं महत्त्व सांगायचे.

मावशी पोट कापून घेणार ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत गच्चीवर पोचली. पहिला आला वॉर्डबॉय.

"मावशी, घाई कशाला करताय? तुम्ही अशाच छान दिसता."

"गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये मला बघून 'पुढच्या खेपेला येतो' म्हणालास."

"ते प्रेमाने म्हटलं हो." मग त्याने दार ओढून घेतलं. "मी एक्स-रेच्या खोलीत झोपतो, ते मी तुम्हाला सांगितलंय. लक्षात आहे ना?"

"आहे."

"भुलीत माणूस बोलतो म्हणे."

मावशीच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ती घड्या तशाच टाकून वर भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. जिन्याने गेली, यावरून काय ते समजावं.

"बोलतात कधी कधी," ते म्हणाले. "उतरताना थोडी बडबड होते. मागे एका आजोबांनी बँकेचा पिन सांगितला. सुदैवाने चुकीचा निघाला." मग त्यांनीही दाराकडे पाहिलं. "मला स्वतःला सुई टोचताना घेरी येते, हे मी तुमच्याजवळ बोललो होतो. तेवढं जरा…"

त्यानंतर रांगच लागली. कुणी म्हणालं योगासनं करा, कुणी म्हणालं दुसऱ्या हॉस्पिटलात हात जास्त चांगला आहे, आणि खूप लांबच्या हॉस्पिटलाचं नाव सांगितलं. फार्मसीतला तर म्हणाला, "मावशी, अर्धवट भुलीत नाही का होणार?"

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे तिला पातळ पदार्थांवर ठेवलं होतं. पोटात नुसतं सूप डुचमळत होतं. ऑपरेशनच्या सकाळी ती खाटेवर बसली होती. अंगात गाऊन होता. हॉस्पिटलचा गाऊन एकाच मापाचा, त्यावर 'सर्वांना बसणारा' अशी चिठ्ठी. मावशीने असे दोन सर्वांना बसणारे जोडून एक शिवला होता.

"घाबरू नकोस," नवरा म्हणाला. "दुर्बिणीतून करतात. छोटी छोटी भोकं."

"मरायला नाही घाबरत मी. मेले तर मेले. पण बोलले तर?"

"काय बोलशील?"

"तेच तर सांगता येत नाही ना."

नवऱ्याने मान हलवली. त्याच्याजवळही ती कधी काही बोलली नव्हती. बायको रोज अख्खं हॉस्पिटल पोटात घेऊन घरी येते आणि आल्यावर फक्त 'पाणी द्या' म्हणते, याची त्याला सवय होती.

ऑपरेशन उत्तम झालं. शुद्धीवर येताना ती काहीतरी बोलली. शेजारच्या सिस्टरने ऐकलं, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

"काय बोलले मी?" मावशीने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"कळलं नाही हो. बरंच होतं पण."

हे 'बरंच होतं' जेवणाच्या सुट्टीपर्यंत गच्चीवर पोचलं.

मावशी घरी गेली. तिच्या जागी किचनच्या स्टोअरमधून एक पन्नाशीचे गृहस्थ आले. ते सगळीकडे बदलीवरच असायचे, म्हणून त्यांना बदलीभाऊ म्हणत. अनेक वर्षं कायम होण्याची वाट बघत होते. कामाला वाघ, पण वाघाला सांगितलेलं नसलं की तो काहीही खातो. आल्याआल्या त्यांनी लिनन रूम साफ करायला काढली. मागच्या फळीवरची फाटक्या चादरींची चळत त्यांना खटकली. धुऊन तरी ठेवू, म्हणून त्यांनी ती अख्खी उचलून डॉक्टरांच्या पांढऱ्या ॲप्रनबरोबर मशीनमध्ये घातली.

मशीन उघडलं तेव्हा सगळे ॲप्रन नारिंगी झाले होते. शिवणींवर पिवळसर, खिशांशी गडद. आणि तळाशी, स्वच्छ धुऊन, एक सोनेरी काड्यांचा चष्मा. हा चष्मा हरवला म्हणून उपाशी डॉक्टरांनी महिनाभर ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाकडे चोरासारखं बघितलं होतं.

बदलीभाऊंना दरदरून घाम सुटला. त्यांनी चष्मा आणि फाटलेलं पाकीट रुमालात बांधलं आणि सरळ मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवलं. मेट्रनबाईंनी रुमाल उघडून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला समाधान म्हणतात. याच डॉक्टरांनी एकदा भर कॉरिडॉरमध्ये त्यांच्या हातातल्या बिस्किटाकडे बघून "वय बघा, मॅडम" म्हटलं होतं.

"कुणाला बोलू नका," त्या म्हणाल्या. "ब्लँकेटचा रंग लागला म्हणून सांगा. तुमचं नाव कुठे येणार नाही." आणि चष्मा ड्रॉवरमध्ये गेला.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टर कॅन्टीनमधल्या साखरेवर बोलायला उभे राहिले. मेट्रनबाई बसल्या बसल्या म्हणाल्या, "साखरेवर बोलणाऱ्यांनी चादरींच्या आड बसून नारिंगी नळ्या खाऊ नयेत."

डॉक्टरांचा चेहरा त्या ॲप्रनसारखा झाला. बाकीच्यांनी हिशेब केला. चादरींच्या आडचं एकाच माणसाला माहीत होतं. त्या माणसाला नुकतीच भूल दिली होती. आणि त्या माणसाच्या पोटाचा तीन चतुर्थांश भाग आता हॉस्पिटलच्या कचऱ्यात होता.

"पोटच कापलं," वॉर्डबॉय म्हणाला. "राहणार कुठे?"

मग जे सुरू झालं ते हॉस्पिटलच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. दुसऱ्याकडून फुटण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, म्हणून लोक आपणहून खरं बोलायला लागले. वॉर्डबॉयने सुपरवायझरकडे जाऊन कबूल केलं की मी एक्स-रेच्या खोलीत झोपतो. सुपरवायझर म्हणाला, "म्हणजे ती उशी तुझी होय? मी मेंटेनन्सची समजून वापरायचो." फार्मसीतल्याने बायकोला सांगितलं की मी मुख्य फार्मासिस्ट झालोच नाही. बायको म्हणाली, "ठाऊक आहे. तो बिल्ला तुम्ही घरी शिवलात, माझ्याच सुईने." भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आपली घेरी जाहीर केली, तेव्हा पेशंटच त्यांना धीर द्यायला लागले. आणि त्या दोन सिस्टर एकाच सकाळी एकमेकींकडे निघाल्या, जिन्यात भेटल्या आणि दोघी एकदम म्हणाल्या, चूक माझी होती. मग जास्त चूक कुणाची यावरून भांडण झालं आणि पुन्हा बोलणं बंद झालं.

मावशी कामावर परतली तेव्हा पुष्कळ उतरली होती. तिने पहिल्याच दिवशी दोन खुर्च्यांपैकी एक बाजूला केली. आपल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय ते खुर्चीमुळे नाही, हे कळायला तिला दुपार झाली. दार कुणी ओढून घेत नव्हतं.

"मावशी, सहा चादरी," म्हणायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहायचे.

"कशी आहे तुझी आई?"

"बरी आहे," म्हणायचे, आणि चादरी घेऊन जायचे. पूर्वी याच प्रश्नावर अर्धा तास जायचा.

शेवटी फार्मसीतल्याने तिला ऐकवलं. रागाने नाही, उलट समजुतीच्या सुरात. "तुमचा दोष नाही, मावशी. औषधाचा परिणाम. पण डॉक्टरांचं तेवढं सांगायला नको होतं."

मावशी घरी गेली आणि चार चमचे वरणावर बसून राहिली. खरंच बोलले का मी? तिने डोकं खाजवलं, तर हातात केसांचा झुपका आला. केस गळतील हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पुढे परत येतात असंही सांगितलं होतं. गेलेली पत परत येते का, हे सांगितलं नव्हतं.

असे काही आठवडे गेले. एक दिवस बदलीभाऊ लिनन रूममध्ये आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं. तो आवाज ऐकून मावशीचे हात थांबले.

"मावशी, पोटात ठेवाल?"

"आता तिथे जागा नाही म्हणतात."

"माझं ठेवा. नाहीतर मला झोप नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं. चळत, मशीन, ॲप्रन, चष्मा, रुमाल, ड्रॉवर. "सगळे तुमच्यावर घेतायत. माझा जीव खालीवर होतो. मी डॉक्टरांना जाऊन सांगून टाकू?"

मावशी आधी हसली. पोटावर हात दाबून हसली, कारण टाके जिथे होते तिथे अजून ओढायचं. बोलले नाही मी. एक अक्षर बोलले नाही. तिला वाटलं, उठून अख्ख्या हॉस्पिटलात प्रत्येक खाटेपाशी थांबून हे सांगावं.

"सांगा की," ती म्हणाली. मग थांबली. "तुमचं कायम होण्याचं कुठवर आलं?"

"कागद समितीपुढे आहे."

"समितीवर कोण?"

बदलीभाऊंनी बोटाने वरचा मजला दाखवला. समितीवर उपाशी डॉक्टर होते.

मावशीने समोरची चादर झटकली, टोकाला टोक जुळवलं. ही गोष्ट बाहेर काढली तर मावशीच्या पोटात सगळं राहतं हे सिद्ध होणार होतं. फक्त त्यासाठी पोटातलं बाहेर काढावं लागत होतं.

"मग नका सांगू," ती म्हणाली. "राहू दे माझ्यावर."

"पण मावशी, लोक तुम्हाला…"

"धरा ते टोक. दोघांनी घातली की घडी नीट बसते."

वर्ष झालं. त्यात मावशीचं वजन पन्नास किलोहून जास्त उतरलं. साखरेच्या गोळ्या सुटल्या, व्हिटॅमिनच्या लागल्या. झोपेत श्वास थांबायचा थांबला आणि नवरा उगाचच जागा होऊन तिच्याकडे बघत बसायला लागला. गुडघे कुरकुरायचे, पण जिना चढायचे. घाईने खाल्लं की उलटी व्हायची, पडल्यावर घशाशी जळजळायचं. दंडाची कातडी रिकाम्या अभ्र्यासारखी लोंबत होती. नव्याने आलेल्या सिस्टरना तर ती कधी जाड होती हे सांगूनही खरं वाटत नव्हतं, आणि त्यांना तिच्याजवळ काही ठेवायचंही सुचत नव्हतं. चादरी घ्यायच्या आणि जायच्या.

वर्षाच्या तपासणीला डॉक्टर खुशीत होते. "उत्तम रिझल्ट. परिषदेत मी तुमचे फोटो दाखवतो. डोळ्यांवर काळी पट्टी लावून, काळजी नको. मात्र आता जपायचं. पोट हळूहळू सैल होऊ शकतं, पुष्कळांचं थोडं वजन परत येतं. ऑपरेशन म्हणजे अर्धं काम."

"हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नवरा औषधं आणायला गेला होता. "एक बोलायचं होतं. ते… मीटिंगमधलं. मला वाईट वाटलं होतं. फार विश्वास होता माझा तुमच्यावर."

मावशीने पदर नीट केला.

"पण भुलीत माणसाचा काय दोष? मी मनात काही ठेवलेलं नाही." डॉक्टरांचा आवाज मऊ झाला, चांगलं काम करताना माणसाचा होतो तसा. "मी माफ केलंय तुम्हाला."

सगळं मावशीच्या जिभेपर्यंत आलं. मशीन, ॲप्रन, आणि दोन मजले वर ड्रॉवरमध्ये पडलेला सोनेरी काड्यांचा चष्मा. समितीचा निर्णय अजून व्हायचा होता. बदलीभाऊ सध्या बागेकडे बदलीवर होते. वर्षभर तिला प्रत्येक घास वीस-वीसदा चावायला सांगितला होता. हा तिने न चावता गिळला.

"आभारी आहे, डॉक्टर," ती म्हणाली.

बाहेर बसस्टॉपवर नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"छान आहे म्हणाले."

"आणखी?"

"माफ केलं म्हणाले."

"कशाबद्दल?"

मावशीने येणाऱ्या बसकडे पाहिलं. "वजनाबद्दल असेल."

"आता करून काय उपयोग? आता तर उतरलं," नवरा म्हणाला.

बसमध्ये चढल्यावर तो सवयीने तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसला. दोघांच्या बाकावर ती एकटीच मावायची तेव्हापासून तो मागे बसून तिच्या मानेशी बोलत आला होता. मावशी खिडकीकडे सरकली आणि शेजारची जागा तळव्याने थोपटली. तो उठून आला, जरा संकोचून टेकला. तरी दोघांच्या मधे थोडी जागा उरली. तिचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने तिथे औषधांची पिशवी ठेवली.

मावशीने ती उचलून मांडीवर घेतली.